दोन हजार चारशे ऐंशी

रॉबर्ट एमर्सन आणि विल्यम अरनॉल्ड यांचे दोन शोधनिबंध १९३२ साली ‘जर्नल ऑफ जनरल फिजिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतला दुसरा अवघ्या पंधरा पानांचा आहे. त्यात कुठेही आवाज चढलेला नाही. शेवाळ, काचेची उपकरणं, दिवे, तक्ते, आलेख आणि ते समजावणारी कोरडी वाक्यं, एवढाच ऐवज. तरीही प्रकाशसंश्लेषणाचा इतिहास सांगणारा कोणीही जाणकार या पंधरा पानांशी थांबतोच. मलाही तिथे थांबावंसं वाटतं, आणि ते केवळ शोधाच्या महत्त्वामुळे नाही. एखादी चांगली कथा जशी आपल्याला एकेक शक्यता बाद करत अटळ शेवटाकडे नेते, तशी या निबंधाची बांधणी आहे. शेवटी हाती येतो एक आकडा: २४८०. लेखकांना तो अपेक्षित नव्हता. त्याचा पुरता अर्थ तेव्हा कोणालाच लावता येत नव्हता, आणि लेखकांनी तो ओढूनताणून लावलाही नाही. या आकड्याचा उलगडा व्हायला जे जे शोध लागणार होते, त्यांतले बरेचसे एमर्सन यांनीच पुढच्या सत्तावीस वर्षांत लावले. आपलाच जुना आकडा उलगडण्याचं साहित्य एक माणूस आयुष्यभर, त्या हेतूने नव्हे, पण गोळा करत राहिला. हे पाहिलं की तो निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचावासा वाटतो.

आधी पार्श्वभूमी. केंब्रिजचे फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ साली दाखवलं होतं की, पानावरचा उजेड वाढवत नेला तर प्रकाशसंश्लेषणाचा वेग काही मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यानंतर उजेड कितीही ओता, वेग जागचा हलत नाही. मात्र त्याच वेळी पान थोडं गरम केलं तर तो पुन्हा वाढतो. निव्वळ प्रकाशाने घडणाऱ्या क्रियेला तापमानाचं फारसं देणंघेणं नसतं. विकरांच्या मदतीने चालणाऱ्या रासायनिक क्रियेला ते असतं. म्हणजे पानात निदान दोन टप्पे असले पाहिजेत: एक उजेड लागणारा आणि दुसरा उजेडाशिवाय, आपल्या संथ गतीने चालणारा. पुढे १९१९ मध्ये बर्लिनच्या ओटो वारबुर्ग यांनी शेवाळाला अखंड प्रकाशाऐवजी तुटक तुटक प्रकाश दिला. एकूण उजेड तेवढाच, पण काम जास्त झालं. अंधाराच्या त्या लहानशा फटीत दुसरा टप्पा आपलं साचलेलं काम उरकून घेत होता.

एमर्सन हे याच वारबुर्ग यांचे विद्यार्थी. जन्म न्यूयॉर्कचा, १९०३ सालचा. वडील हेव्हन एमर्सन हे त्या शहराचे आरोग्य आयुक्त होते. राल्फ वॉल्डो एमर्सन यांचं ते घराणं. हार्वर्डला शिकून त्यांनी बर्लिन गाठलं आणि १९२७ मध्ये वारबुर्ग यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. वायूंची अतिसूक्ष्म मापं घेण्याची कला त्यांनी तिथे आत्मसात केली. १९३० मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले. तिथे टी. एच. मॉर्गन जीवशास्त्र विभागाची उभारणी करत होते. अरनॉल्ड त्या वेळी तिथलेच विद्यार्थी. पदवीही अजून हातात पडायची होती. त्यांची ओढ भौतिकशास्त्राकडे, आणि हात उपकरणं घडवण्यात तरबेज. एकाकडे बर्लिनची मापनाची शिस्त, दुसऱ्याकडे नवं यंत्र जुळवण्याची हौस. या जोडीचं श्रेय दोघांत वाटायला गेलं तर ते वेगळं काढता येत नाही, आणि ते काढूही नये.

त्यांनी काय केलं? निऑन भरलेल्या नळीतून धारित्रातला विद्युतभार एकदम सोडला की प्रखर लखलखाट होतो. तो टिकतो सेकंदाच्या साधारण एक लक्षांशाइतका वेळ. मग काळोख. मग पुन्हा लखलखाट. क्लोरेला नावाच्या एकपेशी हिरव्या शेवाळाचं पाणी एका चपट्या काचपात्रात ठेवायचं, ते स्थिर तापमानाच्या पाण्यात हलतं ठेवायचं आणि त्यातून किती ऑक्सिजन बाहेर पडला हे मॅनोमीटरच्या नळीतल्या द्रवाच्या चढउतारावरून वाचायचं. एका लखलखाटातून निघणारा ऑक्सिजन इतका नगण्य की तो कुठल्याही नळीत दिसला नसता. म्हणून असे असंख्य लखलखाट देऊन बेरीज मोजायची आणि नंतर भागाकार करायचा.

पहिल्या निबंधात त्यांनी दोन टप्प्यांना वेळेच्या मापाने वेगळं केलं. प्रकाशाचा टप्पा सेकंदाच्या लक्षांशात उरकतो, तापमान काहीही असो. अंधारातल्या टप्प्याला मात्र २५ अंश सेल्सिअसला जवळपास ०.०४ सेकंद लागतात, गारठ्यात त्याहून पुष्कळच जास्त. सायनाइड टाकलं की अंधारातला टप्पा मंदावतो, प्रकाशाचा नाही. ब्लॅकमन यांनी जे तर्काने ओळखलं होतं, ते इथे घड्याळावर आलं.

दुसरा निबंध याच यंत्राला वेगळाच प्रश्न विचारतो, आणि इथे मला त्याची खरी गोडी लागते. लखलखाट इतका आखूड आहे की त्या अवधीत पेशीतली कोणतीही प्रकाश वापरणारी यंत्रणा एकदाच काम करू शकेल. दुसऱ्यांदा तयार व्हायला तिला अंधार लागतो, आणि अंधार तर लखलखाट संपल्यावरच मिळणार. आता लखलखाट इतका प्रखर करायचा की एकही यंत्रणा उपाशी राहू नये, आणि दोन लखलखाटांमधला काळोख इतका लांबवायचा की पुढच्या वेळी सगळ्या यंत्रणा पुन्हा सज्ज असाव्यात. मग एका लखलखाटाचं उत्पादन म्हणजेच पेशीतल्या यंत्रणांची संख्या! ज्या गोष्टी सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, ज्यांचं रूप माहीत नाही, ज्या आहेत की नाहीत हेही नक्की नाही, त्यांची ही शिरगणती आहे. एवढा मोठा विचार निबंधात कुठेही मिरवलेला नाही. तो प्रयोगाच्या रचनेत मुरलेला आहे, आणि वाचकाने तो तिथून काढून घ्यायचा आहे.

पुढची पानं शंकांचा निरास करण्यात जातात. लखलखाट पुरेसा प्रखर नसेल तर? म्हणून प्रखरता पायरीपायरीने वाढवली, तेव्हा आलेखाची रेषा आधी चढते आणि मग आडवी होते. यापुढे उजेड वाढवून काही मिळत नाही. काळोख अपुरा पडत असेल तर? तोही लांबवला, फरक पडेनासा होईपर्यंत. गारठ्यात अंधारातलं काम मंदावतं, पण पुरेसा वेळ दिला की तेवढंच उत्पादन मिळतं. मग तिसरी शंका, सगळ्यांत कळीची: या मोजणीचा हरितद्रव्याशी काही संबंध आहे का, की आपण भलतंच काही मोजतो आहोत? यासाठी त्यांनी शेवाळ वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांखाली वाढवलं. त्यामुळे काही पेशी हरितद्रव्याने भरगच्च, काही विरळ झाल्या. दोहोंत एका लखलखाटाचं उत्पादन हरितद्रव्याच्या प्रमाणात कमीजास्त होत गेलं. मोजलेली गोष्ट हरितद्रव्याशी बांधलेली होती, यात शंका उरली नाही.

आता भागाकार. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूने आपापला प्रकाश टिपून आपापलं काम केलं असतं, तर मूठभर रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेच्या वाटेला लागायला हवा होता. तेव्हा सर्वमान्य असलेल्या वारबुर्ग यांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूसाठी चार प्रकाशकण पुरत. प्रत्यक्षात सरासरी आली ती २४८० हरितद्रव्य-रेणूंमागे एक.

असा आकडा हाती आल्यावर लेखकाची परीक्षा असते. एक मोह असतो तो झाकून टाकण्याचा: मापात कुठेतरी खोट असेल म्हणून पुन्हा करू, पुढे पाहू. दुसरा मोह त्यावर मोठा सिद्धान्त रचण्याचा. एमर्सन आणि अरनॉल्ड दोन्हींना बळी पडत नाहीत. समारोपात ते इतकंच म्हणतात की, एवढ्या रेणूंमागे, योग्य तऱ्हेने उजेड मिळाल्यावर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू हाताळू शकणारं एक एकक पेशीत आहे, असं मानलं की निरीक्षणांचा मेळ बसतो. ते एकक कशाचं बनलं आहे, हरितद्रव्याचे रेणू त्यात कसे रचलेले आहेत, उजेडाची ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, यातलं काहीच ते बोलत नाहीत, कारण त्यातलं काहीच त्यांनी मोजलेलं नव्हतं. हे मौन मला या निबंधातलं सर्वांत सुंदर वाटतं. जिथवर मोज पोहोचते तिथवरच वाक्य पोहोचतं. आणि आकडाही २५०० असा गुळगुळीत केलेला नाही. हिशेबातून निघाला तसा, २४८० असाच ठेवला आहे.

जे त्यांनी सांगितलं नाही ते चार वर्षांनी हान्स गॅफ्रॉन आणि कुर्ट वोल यांनी सांगितलं. १९३६ साली त्यांनी एक साधा हिशेब मांडला. मंद उजेडात हरितद्रव्याच्या एकट्या रेणूवर प्रकाशकण इतक्या क्वचित पडतात की कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपुरते प्रकाशकण जमवायला त्याला फार वेळ तिष्ठत बसावं लागेल. पण मंद उजेडातही प्रकाशसंश्लेषण विनाविलंब सुरू होतं. याचा अर्थ शेकडो रेणू मिळून प्रकाश टिपतात आणि ऊर्जा एकाच जागी पोहोचवतात. कोकणातल्या कौलारू घरावर पाऊस पडतो तेव्हा प्रत्येक कौल आपल्या वाट्याचे थेंब झेलतं, पण हंडा लावायचा तो पन्हळीखाली. हरितद्रव्याचे बहुतेक रेणू ही कौलं, आणि काम होतं ते पन्हळीच्या तोंडाशी. प्रकाशसंश्लेषी एकक ही कल्पना अशी आकाराला आली. पुष्कळांना ती लगेच पटली नाही. आज या झेलणाऱ्या रेणूंच्या समूहाला अँटेना आणि काम करणाऱ्या जागेला अभिक्रियाकेंद्र म्हणतात, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात त्याचं चित्र असतं. जीवाणूतल्या अशा एका केंद्राची त्रिमितीय रचना उलगडल्याबद्दल डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एमर्सन मात्र दुसऱ्याच वाटेला लागले होते, आणि ती वाट त्यांच्या गुरूच्या विरोधात जात होती. एक ऑक्सिजन-रेणू मोकळा करायला किती प्रकाशकण लागतात? वारबुर्ग आणि नेगेलाइन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उत्तर दिलं होतं: चार. हे उत्तर फार मोहक होतं. लाल प्रकाशाच्या ऊर्जेचा हिशेब केला तर तीनपेक्षा कमी कण पुरणारच नाहीत. चार म्हणजे वनस्पती जवळजवळ काहीच वाया घालवत नाही. वारबुर्ग यांचा दबदबाही मोठा. १९३१ चं नोबेल त्यांना मिळालेलं. एमर्सन यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्नेगी संस्थेच्या स्टॅनफर्ड इथल्या प्रयोगशाळेत चार्लटन लुईस यांच्याबरोबर तेच माप पुन्हा घेतलं. दिवा लागल्याबरोबरच्या पहिल्या काही मिनिटांत शेवाळातून कार्बन डायऑक्साइडचा एक लोट बाहेर येतो, आणि मॅनोमीटर दाबाखेरीज काहीच ओळखत नसल्याने तो ऑक्सिजनमध्ये जमा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तो वगळला तर उत्तर चार येत नाही. आठ ते बारा येतं. ज्या हाताने वायू मोजायला शिकवलं, त्याच हाताच्या मोजणीतली चूक शिष्याला सापडली होती.

मधली युद्धाची वर्षं वेगळ्या कामात गेली. अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यांतल्या कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत बंदिवान संशोधक आणि रोपवाटिकाकार होते, आणि त्यांच्यासोबत एमर्सन ग्वायूली या झुडपापासून रबर मिळवण्याच्या कामात गुंतले. या माणसांवरचा अन्याय त्यांना बोचत होता आणि तो त्यांनी लपवला नाही. प्रतिष्ठित मताच्या उलट दिशेला उभं राहण्याची सवय प्रयोगशाळेपुरती नव्हती, म्हणून हे सांगितलं.

युद्धानंतर ते इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना गावी आले. १९४८ मध्ये वारबुर्ग स्वतः अर्बानाला आले. गुरुशिष्य एकाच ठिकाणी, एकाच प्रश्नावर काम करू लागले. मतभेद मिटले नाहीत. वारबुर्ग १९७० मध्ये निवर्तले तोवर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. हा वाद जगभरच्या प्रयोगशाळांचा बराच काळ खाऊन गेला, आणि तो किती कटू झाला याच्या कहाण्याही पुष्कळ आहेत. त्यांत मला रस नाही. रस आहे तो या गोष्टीत की वादात जिंकण्यासाठी म्हणून घेतलेल्या मोजमापांतूनच एमर्सन यांना त्याहून मोठं काही सापडलं.

एमर्सन आणि लुईस यांनी प्रकाशाच्या प्रत्येक रंगाची कार्यक्षमता वेगवेगळी मोजली होती. १९४३ साली त्यांनी जो आलेख छापला त्यात एक विचित्र घसरण होती. सुमारे ६८० नॅनोमीटरच्या पलीकडे, गडद लाल प्रकाशात, हरितद्रव्य प्रकाश शोषून घेतं, पण त्या प्रकाशाचं फळ मिळत नाही. शोषण आहे आणि काम नाही. १९३२ च्या आकड्यासारखंच हे एक न जुळणारं निरीक्षण, आणि यावेळीही त्यांनी ते होतं तसं छापलं. चौदा वर्षांनी, १९५७ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह एक सोपा दिसणारा प्रयोग केला. गडद लाल प्रकाश एकटा दिला, मग कमी तरंगलांबीचा प्रकाश एकटा दिला, मग दोन्ही एकत्र दिले. एकत्र दिल्यावरचं उत्पादन दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त आलं. दोन्ही उजेड एकमेकांना हात देत होते. याचा सरळ अर्थ: पानात प्रकाश वापरणारी एक नव्हे, दोन यंत्रणा एकापुढे एक जोडलेल्या आहेत, आणि दोघींच्या आवडीचे रंग वेगळे आहेत. हा अर्थ एमर्सन यांनी स्वतः याच शब्दांत मांडला नाही. त्यांचा कल हरितद्रव्याला साथ देणाऱ्या इतर रंगद्रव्यांकडे होता.

त्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत अलाहाबादहून आलेले गोविंदजी हे तरुण विद्यार्थी होते, आणि त्यांच्या भावी पत्नी रजनीही. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कला जाणारं विमान ईस्ट नदीत कोसळलं आणि त्यात एमर्सन गेले. पंचावन्न वर्षांचं वय. विद्यार्थ्यांची कामं अर्ध्यावर राहिली. ती युजीन राबिनोविच यांच्या मार्गदर्शनाखाली पुरी झाली. गोविंदजी आणि राबिनोविच यांनी १९६० मध्ये दाखवलं की त्या दुसऱ्या प्रकाशाच्या मदतीत खुद्द हरितद्रव्य-अ चाच, जरा वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषणारा एक प्रकार सामील आहे. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी दोन यंत्रणांना जोडणारी आकृती छापली. इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराची ती आकृती आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. रजनी गोविंदजी, राबिनोविच आणि गोविंदजी यांनी १९६८ मध्ये प्रकाशकणांचं माप पुन्हा एकदा, सर्व खबरदारी घेऊन काढलं. उत्तर एमर्सन यांच्याच बाजूने लागलं.

आता २४८० कडे पाहू. दोन यंत्रणा एकामागोमाग असतील तर प्रत्येक इलेक्ट्रॉनाला दोन प्रकाशकणांचा धक्का लागणार. पाण्यातून ऑक्सिजनचा एक रेणू काढायला चार इलेक्ट्रॉन हलवावे लागतात. चार दुणे आठ. वारबुर्ग यांचे चार नव्हेत, एमर्सन यांचे आठ. आणि एका लखलखाटात प्रत्येक केंद्र एकच इलेक्ट्रॉन हलवतं, हा तर १९३२ च्या प्रयोगाचा पायाच. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे आठ केंद्रांची हजेरी लागते. २४८० भागिले ८ बरोबर ३१०. प्रत्येक अभिक्रियाकेंद्रामागे सुमारे तीनशे हरितद्रव्य-रेणू. आज पानातली ही रचना अणूअणूने उलगडून मोजली जाते, आणि हिरव्या वनस्पतींत दर केंद्रामागे काही शेकडो रेणू हीच संख्या निघते. लुकलुकत्या निऑनच्या दिव्याने आणि हलत्या मॅनोमीटरने १९३२ मध्ये काढलेलं माप! २४८० हा प्रचंड वाटणारा आकडा प्रचंड नव्हताच. त्यात आठ केंद्रं दडलेली होती, आणि आठ हा भाजक मिळायला एमर्सन यांचा गुरूशी झालेला वाद आणि त्यांचा शेवटचा प्रयोग, दोन्ही लागले. भागाकार करायला ते स्वतः मात्र नव्हते.

या निबंधाची दुसरी देणगी म्हणजे ती लखलखाटाची रीत. पॅरिसचे पिएर जोलियो यांनी १९६९ मध्ये ती हाती घेतली, पण एक मोठा फरक केला. एमर्सन आणि अरनॉल्ड असंख्य लखलखाटांची बेरीज मोजत होते, कारण मॅनोमीटरला त्याहून बारीक दिसत नव्हतं. जोलियो यांनी असं संवेदनशील साधन घडवलं की प्रत्येक लखलखाटाचा ऑक्सिजन वेगळा दिसावा. अंधारात विसावलेल्या हरितलवकांना पहिला लखलखाट दिला, ऑक्सिजन जवळजवळ नाही. तिसऱ्याला भरपूर. त्यानंतर दर चौथ्याला पुन्हा चढ. पाण्याचा रेणू फोडणारी यंत्रणा चार पायऱ्या चढते आणि चौथीनंतर ऑक्सिजन सोडून पुन्हा खाली येते, हे स्पष्टीकरण बेसेल कोक आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दिलं. ही लय १९३२ च्या काचपात्रातही चालू असणारच. सरासरीत ती विरून गेली होती, एवढंच.

अरनॉल्ड यांचं पुढचं आयुष्यही सांगायला हवं, कारण निबंधावरच्या दोन नावांतलं दुसरं नाव नेहमी मागे पडतं. १९३९ च्या सुरुवातीला ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत होते. युरेनियमच्या अणुकेंद्राचे दोन तुकडे होतात हे समजल्यावर ओटो फ्रिश यांनी, पेशी दुभंगते त्याला जीवशास्त्रज्ञ काय म्हणतात, असं विचारलं ते त्यांनाच. ‘फिशन’ हा शब्द अणुभौतिकीत गेला तो असा. युद्धानंतर ते टेनेसीतल्या ओक रिज इथे काम करत होते. तिथे १९५१ मध्ये बर्नार्ड स्ट्रेलर यांच्याबरोबर त्यांना आढळलं की हिरव्या पेशींवरचा दिवा विझवल्यानंतरही त्या काही काळ अतिशय मंद प्रकाश देत राहतात. काजव्यांच्या अर्काने दुसरंच काही मोजायला गेले असता, काजव्यांशिवायही उजेड येतो आहे हे त्यांना दिसलं. पुढे १९५७ मध्ये हेलन शेरवूड यांच्यासोबत त्यांनी वाळवलेल्या हरितलवकांवर प्रकाश टाकून मग ती तापवली, तेव्हाही ती उजळली. उजेडाची ऊर्जा आत कुठेतरी अडकून राहते आणि ऊब मिळाली की सुटते. याला तापदीप्ती म्हणतात.

हा धागा मुंबईपर्यंत येतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तापदीप्तीचं तंत्र किरणोत्साराची मात्रा मोजण्यासाठी घरचंच होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यातलं भुकटीचं चकतं याच तत्त्वावर चालतं. १९७० च्या दशकात तिथे प्र. वि. साने, देसाई आणि ताटके यांनी ते तंत्र पानांवर वापरलं आणि काही काम गोविंदजींच्या सोबतीने केलं. एमर्सन यांचा शिष्य आणि अरनॉल्ड यांची रीत ट्रॉम्बेत एकत्र आली, असं म्हणायला हरकत नाही. पान अतिथंड करायचं, त्यावर प्रकाश टाकायचा आणि मग हळूहळू तापवत न्यायचं. ठरावीक ठरावीक तापमानांना उजेडाची एकेक लाट येते. प्रत्येक लाट म्हणजे कुठल्यातरी एका पायरीवर अडकलेला इलेक्ट्रॉन मागे परतताना दिलेली खूण. पानातून रंगद्रव्य न काढता, त्याची रचना न मोडता, ऊर्जा नेमकी कुठे थांबली हे त्यावरून सांगता येतं. डाययुरॉन हे तणनाशक दिलं तर खोलीच्या तापमानाच्या आसपास येणारी लाट बरीच खाली, कमी तापमानाकडे सरकते, कारण इलेक्ट्रॉनाची पुढची वाटच बंद झालेली असते.

साने पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्यानंतरही हे काम त्यांनी सोडलं नाही. २००३ मध्ये स्वीडन आणि कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी थंडीची सवय लावलेल्या अ‍ॅरेबिडॉप्सिस या रोपाच्या पानांवर हेच माप घेतलं. थंडीत अंधारातलं काम मंदावतं आणि उजेड मात्र तेवढाच पडत राहतो. झेललेली ऊर्जा जाणार कुठे, हा त्या पानापुढचा प्रश्न असतो. सवय झालेल्या पानांत तापदीप्तीच्या लाटांची जागा बदललेली दिसली. त्यावरून त्यांनी असं मांडलं की दोन शेजारच्या पायऱ्यांमधलं ऊर्जेचं अंतर पानाने कमी करून घेतलं आहे, त्यामुळे जादा ऊर्जेला निरुपद्रवी वाटेने मागे फिरता येतं आणि कडक उन्हातही पानाची यंत्रणा होरपळत नाही.